पवनचक्कीच्या गावाला दिलेली ताई

माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते. जन्मभर सापगावच्या नदीवरून हंडे वाहिले, त्याची ती खूण. म्हणून बाबांनी एकच हट्ट धरला होता, की ताईला दारात पाणी असलेल्या घरी द्यायचं. घर कुडाचं असलं तरी चालेल, जावई कमी शिकलेला असला तरी चालेल.

स्थळ आलं ते टोकावड्याच्या वर, डोंगरातल्या गावातलं. तिथं पूर्वी मुलगी द्यायला कोणी धजावत नसे, कारण पाणी खालच्या ओहोळातून चढवून आणायचं. पण त्या सुमाराला कसल्याशा योजनेतून गावात नवी विहीर खणून तिच्यावर पवनचक्की बसली होती. लावणी आटपली की आमच्याकडे माणसांना सवड, त्यामुळे बाबा घर बघायला गेले ते श्रावणात. परत आले ते वेडेच होऊन. उंच लोखंडी मनोरा, वर पाती गरगर फिरतायत, विहिरीतलं पाणी आपोआप टाकीत चढतंय, दारोदार नळ. डिझेल नको, बिल नको, वारा काय फुकटचाच. इतकं कौतुक चाललं की शेवटी आई म्हणाली, पोरीचं लग्न त्या चक्कीशीच लावून टाका.

लग्न वैशाखात झालं. मांडवातून पवनचक्की दिसत होती आणि ती ठार उभी होती. वऱ्हाडासाठी पाणी बैलगाडीवर पिंपं घालून आणलेलं. बाबांनी विचारलं तेव्हा व्याही हसून म्हणाले, आज वारा पडलाय, उद्या सुटेल. मंगलाष्टकं संपत आली होती. बाबांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या होत्या, त्या त्यांनी टाकल्या. दुसरं करणार काय होते?

वारा तिथं आषाढ-श्रावणात भणाणतो, तेव्हा पागोळीखाली भांडं ठेवलं तरी भरतं. होळी झाली की जो पडतो, तो मेला पावसापर्यंत हलत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण साहेब लोकही पाहणीला पावसातच आले, आणि एवढं मोठं यंत्र फुकट मिळतंय म्हटल्यावर नको कोण म्हणेल? त्यात पंपासाठी विहिरीच्या तोंडावर स्लॅब घातलेला. पोहरा सोडायला फट नाही. स्लॅब फोडावा म्हटलं, तर यंत्राला हात लावायचा नाही अशी ताकीद, आणि ताकीद देणारा साहेब केव्हाच बदलून गेलेला. मग उन्हाळ्यात बाया पुन्हा ओहोळात उतरायच्या. आमची ताईसुद्धा.

माहेरी आली तरी ती कधी तक्रार करायची नाही. फक्त डोक्यावरचा पदर खाली घ्यायची नाही. आईने एकदा तो ओढलाच, आणि तिच्या माथ्यावर हात ठेवून रडत बसली.

दुसऱ्या उन्हाळ्यात ताई पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ओहोळाच्या चढावर तिचा पाय सटकला आणि भरले हंडे अंगावर आले. मूल गेलं. मुरबाडच्या दवाखान्यात सांगितलं की आता पुन्हा होणार नाही. माझा अजून जीव जळतो.

ताई दवाखान्यातून सासरी परत आल्याचं कळलं, तसे बाबा उठले, घण पिशवीत घातला आणि एसटीत बसले. मी त्यांच्याबरोबर होते. व्याही आडवे आले, चक्की मोडेल म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. ते स्लॅबवर घाव घालत राहिले, वर पाती जागची हलत नव्हती. पोहरा जाईल एवढं भगदाड पडलं. खाली पाणी होतं, निवळशंख, दोर सहज पोचेल एवढ्यावर.

बाबांनी पोहरा भरून काढला आणि ओट्यावर बसलेल्या ताईपुढे नेऊन ठेवला.

"घे गो बाय, पाणी."

ताईने पाण्याला हात लावला नाही. बाबांकडे बघत राहिली.

"लगनाच्या दिवशीच का नाय फोडलात, बाबा?"

बाबा तिथंच खाली बसले. सापगावला उतरलो तेव्हा लक्षात आलं, घण आम्ही तिथंच विसरून आलो होतो.