वडूजच्या गाडीतली सिगारेट

काल सातारच्या स्टँडवर शेजारच्या माणसानं बिडी पेटवली आणि त्या वासासरशी मला पंचाहत्तर सालातली वडूज-सातारा गाडी आठवली.

मी पलटणीतून सुट्टीवर आलो होतो. ऐटीत सिगारेट ओढत बसलो होतो. शेजारच्या बाईच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी होती. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"दादा, तेवढी इझवा की," बाई हळूच म्हणाली. "पोरीला दम लागतोय. दवाखान्यात चाललोय आमी."

"गाडी काय तुझ्या घरची हाय व्हय?" मी म्हणालो. सगळे हसले. कंडक्टरही हसला, त्याच्या बोटांत बिडी होती.

मुलीचे ओठ निळे पडू लागले, तशी बाईनं गाडी थांबवायला लावली आणि ती भर उन्हात माळावर उतरली. गाडी हलली तेव्हा ती पदरानं पोरीला वारा घालत होती. दुपारपर्यंत दुसरी गाडी नव्हती.

त्या पोरीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. बायकोला एकदा हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तवा समदीच वडायची. कुणाला काय कळत हुतं?"

पण मला कळलं होतं. त्या बाईनं सांगितलं होतं.