हळदकुंकू वाहिलेली कॅसेट

तुमच्या घरातली जुनी व्हिडिओ कॅसेट तुम्ही शेवटची कधी लावून पाहिली?

संगमनेरला एक माणूस अशा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. फीत पुसताना तो श्वास रोखून धरतो. माझ्यासमोर एका बाईंनी ऊसतोड कामगारांच्या सभेतल्या वडिलांच्या भाषणाची कॅसेट आणली. दर दसऱ्याला त्या कॅसेटवर वाहिलेलं हळदकुंकू आत जाऊन फितीच्या कडेला चिकटलं होतं. पडद्यावर वडील मूठ उगारून बोलत होते, पण आवाज येत नव्हता.

"दादा, अण्णा काय म्हनत्यात?"

तो कापसाचा बोळा चुरत राहिला. "आवाज त्या कडेलाच असतो, ताई. पुजायची न्हवती, लावून बघायची हुती."

लढणाऱ्या माणसाला आपण देव्हाऱ्यात बसवतो आणि त्याचं म्हणणं घालवून बसतो. तुमची कॅसेट याच आठवड्यात बाहेर काढा, उतरवून घ्या.