एकच लाल कार्ड

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता, चंदीगडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, विभागप्रमुख माझ्या बायकोच्या औषधशास्त्राच्या तासाला येऊन मागच्या रांगेत बसले. तिच्या वर्गात गोंगाट होतो, वेळ वाया जातो, अशी तक्रार होती. तिची पद्धत चालू ठेवायची की पुन्हा नुसती व्याख्यानं द्यायला लावायची, हे ते त्या तासावरून ठरवणार होते. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालेलो, म्हणून त्या दिवशी तिनं मलाही वर्गात बसवलं होतं. "तू फक्त मिनिटं टिप," असं तिनं मला सांगितलं होतं.

पद्धत साधी होती. प्रत्येकाकडे दोन कार्डं: हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे धोका. ती प्रश्न विचारते, तीनपर्यंत मोजते, सगळे एकदम कार्ड उचलतात. विभागप्रमुखांनाही तिनं दोन कार्डं दिली.

१०.१४. प्रश्न: रक्तदाबाची, चोवीस तास सावकाश विरघळणारी गोळी रुग्णाला गिळता येत नाही. कुटून पाण्यातून द्यावी का?

आधी वर्गात नेहमी पहिला येणाऱ्या टॉपरचं हिरवं कार्ड वर गेलं. मग बाकीची हिरवी. पहिल्या बाकावर एकच लाल. ते डेराबस्सीहून येणाऱ्या मुलीचं. तिची बस झिरकपूरच्या कोंडीत अडकली होती. उशिरा आल्यामुळे तिला पुढे बसावं लागलं आणि टॉपर तिच्या पाठीमागे राहिला; त्याचं कार्ड तिला दिसलंच नाही.

बायकोनं उत्तर सांगितलं नाही. "पाँच मिनट. पडोसी को मनाओ," एवढंच म्हणाली.

"नीचे कर, अकेली है तू," शेजारीण त्या मुलीला म्हणाली.

"पापा गोलियों की फॅक्टरी में हैं जी. दवा धीरे छूटे, इसीलिए वैसी बनती है. कूट दी तो दिनभर की दवा एक साथ खून में."

टॉपर उठून पुढे आला. "फिर बीपी?"

"धडाम."

मागून एकजण ओरडला, "ओए, सबने टॉपर को देखके उठाया ना?"

"तू क्या छत देख रहा था, यार?"

वर्ग हसला. बायको फळ्यापाशी हाताची घडी घालून उभी होती. तिनं पाचाची सात मिनिटं होऊ दिली.

१०.२२. "अब आँखें बंद करके." डोळे मिटून कार्डं वर गेली. हिरवी तीन. टॉपरचं लाल. विभागप्रमुखांचेही डोळे मिटलेले होते. हातात लाल कार्ड होतं.

"कितना टाइम लगा?" त्यांनी मला विचारलं.

"आठ मिनट."

ते मान हलवून निघून गेले. सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. मंगळवारी दहाचा तास तिच्याच नावावर होता, पुढे कंसात लिहिलं होतं: कार्डांसह. विभागप्रमुखांनी नेलेली दोन कार्डं अजून परत आलेली नाहीत.