गोल नसलेला गोठ

शेवटची भेट दुपारची. माधुरीताई, माझी थोरली बहीण, सुरतेत गोडादऱ्याच्या तिच्या घरात कॉम्प्युटरसमोर बसली होती. पाठीला उशा, शेजारी औषधांचा डबा आणि स्क्रीनवर अर्धवट बांगडी. "अगं, जरा पड की," म्हटलं तर म्हणाली, "पुढे पडायचंच आहे. हे आधी होऊ दे." असलं अभद्र बोलायची आणि वर हसायची. मी चिडून निघाले… त्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला.

ताई इच्छापोरच्या एका कारखान्यात दागिन्यांचं डिझाइन करायची. वडील मराठी शाळेत मास्तर म्हणून सुरतेला आले, मीही शाळेतच चिकटले. हिने तेवढा वेगळा मार्ग धरला. आपलं काम तिने मला चकलीवरून समजावलं होतं. बांगडी मधेच कापली तर कापल्या तोंडाशी जो आकार दिसेल, त्याची आधी स्क्रीनवर रेघांची जाळी करायची. मग एक रेघ काढायची, ती वाट. जाळीला सांगायचं, या वाटेनं जा. ती जाते तिथे मागे बांगडी उभी राहते. "भोक सोऱ्याचं, वळण आपल्या हाताचं!" काम झालं की बाकीचे ती रेघ पुसून टाकतात, फाईल आटोपशीर राहते. ताई पुसायची नाही. रेघ जराशी ओढली की अख्खी बांगडी तिच्यामागे वळायची, आणि ते तिला फार आवडायचं. एकदा मला माऊस दिला, तर माझ्या हातून बांगडीची पार भेंडी झाली. "मास्तरीणबाई, तुम्ही आपल्या वर्गातच बऱ्या," म्हणाली.

ती शेवटची बांगडी तिच्या मुलीसाठी, ऋचाच्या लग्नासाठी होती. आमची आई एका हातात सोन्याचा गोठ घालायची आणि तो कधी काढायची नाही. पोळपाटावर, पाट्यावर, धुण्याच्या दगडावर मनगट टेकून टेकून तो गोलाचा लांबट झाला होता, एका अंगाला चेपला होता. त्यामुळे तो हातात फिरायचा नाही, एका जागी बसून राहायचा. आई गेल्यावर तो ताईकडे आला, पण झिजून त्याला चीर पडली होती, मोडीत घालण्यावाचून इलाज नव्हता. ताईने तो स्कॅनरवर ठेवला आणि त्याच्या आतल्या कडेवरून रेघ काढली. "सोनं तेच आणि वाटही आईच्या हाताची," मला म्हणाली. "ऋचाच्या हातात आईचाच गोठ जाईल, नुसता नवा."

ताईमागे लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं. भाऊजींनी तिच्या सांगण्याप्रमाणे फाईल आणि जुना गोठ जिग्नेशच्या हवाली केला. जिग्नेश तिच्याच हाताखाली शिकलेला, स्मशानात घरच्यासारखा रडलेला. त्याने आपलं काम बाजूला ठेवून बांगडी पुरी केली आणि स्वतः घरी घेऊन आला. ऋचाने ती मनगटात घालून फिरवली. मग म्हणाली, "हा गोल आहे."

"एकदम गोल," तो म्हणाला. "बेन की लाइन थोड़ी टेढ़ी आ गई थी. मैंने सोचा, बीमारी में हाथ काँपा होगा… ठीक कर दी."

रेघ ठीक करून, बांगडी पक्की करून त्याने ती रेघ पुसलीही होती. तिच्याखालचा स्कॅनही गेला होता. जुना गोठ तर वितळलाच होता. माझ्या तोंडाशी शब्द आले, तेवढ्यात ऋचा कौतुकाने म्हणाली, "बहु सरस छे, जिग्नेशभाई." त्याचे डोळे भरून आले.

तो गेल्यावर मी भडकले. त्याला कळायला नको? "जवा दे ने, जाऊ दे, मावशी," ऋचा म्हणाली, "तो मम्मीसाठीच झटला." खरं आहे. मग मी रागवायचं तरी कुणावर? मला ताईचाच राग येतो. जगाला बोलून दाखवायची, मग कारखान्यात कुणाला एवढं एक सांगता येत नव्हतं, की ही वाट वाकडी नाही, माझ्या आईची आहे? राग येतो आणि मग रडू येतं. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं, आणि या वेळी ताईला घेऊन.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. ताईच्या खुर्चीवर उशा तशाच आहेत, कुणी उचलत नाही. ऋचा ओट्यापाशी कणीक मळत होती, हातात तो गोठ. लग्नाआधीच चरे पडतील म्हणून भाऊजी ओरडतात, पण ती काढत नाही. मळताना तो मनगटावर गरगर फिरत होता. तिने थांबून तो पिठाच्या हातानेच धरला, एका जागी आणला आणि मनगट परातीच्या काठावर जोर देऊन दाबलं. उचलून पाहिलं.

"अजून काहीच नाही," ती म्हणाली.

"आजीला अख्खा जन्म लागला होता गं," मी म्हटलं.

ती पुन्हा मळायला लागली, आणि गोठ पुन्हा फिरला.