पारावरच्या भाकरी

प्लेगाच्या त्या साली शाळा बंद झाली आणि मास्तर म्हणून मला काही काम उरलं नाही. बायकोला मी पारशिवनीला माहेरी पाठवून दिलं होतं. शाळेच्या आजूबाजूचा सगळा कोष्ट्यांचा मोहल्ला रिकामा करून माणसं शहराबाहेरच्या माळावर, तट्ट्यांच्या झोपड्यांत आणून ठेवली होती. मीही तिथेच राहत होतो. मी प्लेगाची लस टोचून घेतली होती, म्हणून मला मोहल्ल्यात जायची चिठ्ठी मिळाली. रोज सकाळी जायचं, बंद घरांची कुलपं शाबूत आहेत की नाही ते पाहायचं आणि छावणीच्या कारकुनाला सांगायचं, एवढंच काम.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक म्हातारी कोष्टीण माझ्या वाटेत उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा पहिल्याच आठवड्यात गेला होता. त्यानं पाळलेली एक भुरी कुत्री होती. छावणीत कुत्री आणायला मनाई होती. म्हातारीला आणणाऱ्या गाडीमागे धावत आलेल्या त्या कुत्रीला शिपायानं काठी मारून परत फिरवलं, ते मी स्वतः पाहिलं होतं.

"मास्तर, तुमी रोज तिकडे जाऊन राहिले ना जी?"

"हो."

"मंग माह्या कुत्रीले एवढी टाकाल का? तिले कोन देनार तिथं?"

तिनं पदराखालून अर्धी भाकर काढली. मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी खाल्ली," ती म्हणाली. खाल्ली नव्हती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

कुत्री घराच्या पायरीवरच बसलेली होती. माझ्या हातातली भाकर आधी तिनं बराच वेळ हुंगली, मग खाल्ली. हे मी म्हातारीला येऊन सांगितलं आणि ते आजूबाजूच्या झोपड्यांत पसरलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं-तिघं आले. मग रोज कोणीतरी नवं. एका माणसानं फडक्यात दुधात कालवलेला भात बांधून दिला आणि बजावलं, की हा मांजरीचा आहे, कुत्र्यांना टाकू नका. पण माग बंद, हाताला काम नाही, आणि छावणीत मिळणारं धान्य मोजून मिळे. आठवडाभरात पुरचुंड्या कमी होत गेल्या. पुरुष माणसं माझ्याकडे न पाहता म्हणायची, "आज नाई जमलं, मास्तर."

म्हणून मी इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याचं कुटुंब शहराबाहेर स्वतःच्या बागेत राहायला गेलं होतं. भूतदयेबद्दल त्याची ख्याती होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि ज्वारीच्या पिठाचं एक पोतं द्यायला सांगितलं. संपलं की आणखी न्या, म्हणाला. फक्त एक अट घातली.

"ये बेजुबानों का है, मास्तरजी. आदमी के मुँह में नहीं जाना चाहिए. मेरा संकल्प है."

मी कबूल केलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

भाकरी म्हातारी थापायची. ती चुलीपुढे बसली, की शेजारच्या झोपडीतली बाई आपली लहान मुलगी कडेवर घेऊन दारात येऊन उभी राही. तिचा नवरा प्लेगाच्या दवाखान्यात होता. एकदा ती म्हणाली, "एक दे वं. पोट्टी कालपासून उपाशी आहे."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाई, ते पीठ जनावरांच्या नावाचं आहे."

"मंग आमी कोन आहो जी?"

मी भाकरी मोजल्यासारखं केलं, गाठोडं बांधलं आणि निघालो. मला वाटत होतं की मी दिलेला शब्द पाळतो आहे.

मोहल्ल्यात विहिरीजवळ एका लिंबाभोवती पार आहे. दारोदार फिरण्यापेक्षा मी तिथेच उभा राहून "यू यू" करायला लागलो. चार-पाच दिवसांत कुत्र्यांना माझी वेळ कळली. मी बोळात वळायच्या आधीच ती पारावर जमलेली असत. मालकांनी मला प्रत्येकाची खूण सांगितली होती: एकाचा कान फाटका, एक आंधळा, एकीच्या शेपटीला पांढरं टोक. मांजरं ओट्यांवर बसून वाट पाहत. त्या सगळ्या रिकाम्या मोहल्ल्यात तेवढीच एक जागा जिवंत होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटू लागला होता. भुरी कुत्री मात्र पारावर कधी आली नाही. तिची भाकर मला पायरीवर नेऊन द्यावी लागे.

एका मंगळवारी मी बोळात वळलो तेव्हा पारावर एकही कुत्रं उभं नव्हतं. सगळी पडली होती. काही अजून पाय झाडत होती. फाटक्या कानाच्या कुत्र्यानं मला पाहून उठायचा प्रयत्न केला. विहिरीपाशी सफाईची दोन माणसं गाडी घेऊन उभी होती आणि त्यांचा मुकादम बिडी ओढत होता. मोहल्ल्यातली मोकाट कुत्री मारायचा हुकूम निघाला होता. मांसाच्या गोळ्यांतून विष घातलं होतं.

मुकादम मला नमस्कार करून म्हणाला, "तुमच्यानं लय सोपं झालं, मास्तर. नाई तं एकेकाले गल्लीगल्लीत धुंडावं लागते. तुमच्या टायमाच्या जरा आधी आलो, बस."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच माझे आभार मानायचे होते.

मी धावत म्हातारीच्या घराकडे गेलो. कुत्री पायरीवर होती, जिवंत. मुकादम मागून आला. मी त्याला म्हणालो, "ही पाळलेली आहे. हिची मालकीण छावणीत आहे."

"पट्टा कुठं आहे? पट्टा असला तं आमी सोडतो."

मी उपरणं काढून तिच्या गळ्यात बांधलं आणि तिला ओढायला लागलो. बोळाच्या तोंडापर्यंत आली, मग चारही पाय रोवून आडवी पडली. उचलली तर तिनं अंग पिळलं, उपरण्यातून मान काढली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली. मुकादम म्हणाला, "राहू द्या. उद्या पट्टा आना." पारावरची मेलेली कुत्री गाडीत भरून ते लोक गेले.

त्या दुपारी छावणीत कोणाला काही न सांगता मी सीताबर्डीवर जाऊन चांभाराकडून पट्टा करून घेतला. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर निघालो. कुत्री पायरीवरच होती. अंग ताठ झालं होतं. विष कोणी टाकलं, त्याच लोकांनी की दुसऱ्या कोणी, ते मी विचारलं नाही. पट्टा मी विहिरीत टाकला.

छावणीत परतलो तेव्हा म्हातारी वाटेतच उभी होती. "खाल्ली का जी?"

"खाल्ली," मी म्हणालो.

"शेपटी हालवते का?"

"हालवते."

एकदा हे बोलल्यावर मला मागे फिरता येईना. बाकीचेही विचारत, आणि त्यांनाही मी तेच सांगे. म्हातारी रोज भाकरी थापी, मी रोज गाठोडं घेऊन निघे. मांजरं तेवढी उरली होती, त्यांना घालून बाकीच्या भाकरी तशाच राहत. पहिल्या दिवशी मी त्या नाल्याकाठी कावळ्यांना टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून परतताना शेजारच्या बाईच्या झोपडीमागे ठेवू लागलो. तिला सांगितलं, "कुणाला बोलू नका." ती बोलली नाही.

म्हातारीच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं. थापताना त्याची खूण भाकरीच्या कडेला उमटे. सहाव्या दिवशी ती मुलगी झोपडीच्या दारात बसून भाकर खात होती, आणि म्हातारीनं ती खूण ओळखली. मुलीला काही बोलली नाही. माझ्याकडे आली.

"माह्या हातची भाकर पोट्टीजवळ कशी आली, मास्तर?"

मी सगळं सांगितलं. पार, मुकादम, उपरणं, पट्टा. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "कोनत्या दिवशी?"

"बुधवारी."

ती बोटांवर दिवस मोजत राहिली. मग म्हणाली, "तुमी मले रोज शेपटी सांगत होते."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. इतर मालकांना मी एकेक करून सांगितलं. काही रडले, काहींना ते आधीच कळलेलं होतं आणि त्यांनी मला दाखवलं नव्हतं. फाटक्या कानाच्या कुत्र्याचा मालक माझ्याशी पुन्हा बोलला नाही. व्यापाऱ्याकडे जाऊन मी खरं ते सांगितलं, भाकरी माणसांनी खाल्ल्या हेही. तो रागावला नाही, नुसता खिन्न झाला. संध्याकाळी त्याचा नोकर उरलेलं पीठ न्यायला आला. पोतं उचललं जाताना शेजारची बाई मुलीला घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती आत निघून गेली. तिचा नवरा दवाखान्यातून परत आला नाही, एवढं मला पुढे कळलं.

छावणी मोडली तेव्हा मी म्हातारीचं बोचकं तिच्या दारापर्यंत नेलं. तिनं विचारलं, "कुठं पडली होती?" मी दुसऱ्या पायरीकडे बोट केलं. ती त्या पायरीवर पाय न देता वर चढली. घर निर्जंतुक करणाऱ्यांनी ऊन आत यावं म्हणून छपराची कवेलू काढून अंगणात रचून ठेवली होती. ती मला काही करा म्हणाली नव्हती, पण मी वर चढलो आणि दुपारपर्यंत ती कौलं बसवत राहिलो. खाली उतरलो तेव्हा तिनं पाण्याचा लोटा पुढे केला. "घ्या," म्हणाली.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच रस्त्यानं शाळेत गेलो. ती दारात असली तर मान हलवी. मीही हलवी, आणि थांबत नसे.