आक्का खालीच राहिली

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर चहात चोरून घातलेली साखरसुद्धा लपत नाही माझी. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी, तेही कळत नाहीय.

आक्कापासून करतो. माझी थोरली बहीण. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ठसका लागायचा, डोळे चुरचुरायचे, पण माझं शिक्षण तिनं थांबू दिलं नाही. आज मी बेळगावात प्राध्यापक आहे, टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. शहाणा माणूस — किती शहाणा, ते बघालच.

चार वर्षं झाली. कॉलेजातल्या आम्ही काही जणांनी, प्राचार्यांसकट, रविवारी येळ्ळूरकडच्या डोंगरावर जायचं ठरवलं. पायवाट दाखवायला एक गाइड घेतला. वरून अख्खं बेळगाव दिसतं, कॅम्पातली झाडी दिसते, आमची बिल्डिंगसुद्धा — हे मी फोनवर आक्काला बोलून गेलो. झालं. शनिवारी संध्याकाळच्या बसनं बाई दारात हजर. तुझं घर वरनं कसं दिसतंय बघतो, म्हणाली. सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणलेली.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

सकाळी आम्ही दोघं पायथ्याशी पोचलो तेव्हा गाइडनं बाकीच्यांना गोल उभं केलंच होतं. त्याची पद्धतच तशी — एकेकानं नाव-गाव सांगायचं, मग चढायचं. ते बघून मी आक्काला घेऊन मुद्दाम गोलाच्या शेवटी उभा राहिलो. कारण आक्का चारचौघांत बोलायला लागली की आधी 'जय भीम' म्हणते. खणखणीत. आमच्या घरातली रीतच ती, मीही तसाच वाढलो. पण कॉलेजात मी 'नमस्कार' म्हणतो. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नोकरी लागल्यापासून असंच चाललं होतं.

पाळी आमच्याकडं सरकत होती. तिघं राहिले, दोघं राहिले — तेवढ्यात गाइडला आठवलं आणि त्यानं मध्येच विचारलं, कुणाला बीपी, हार्टचा त्रास वगैरे आहे का?

आणि मी — सांगूनच टाकतो — मी म्हणालो, "हिला हार्टचा त्रास आहे. हिला वर नको न्यायला."

खोटं. साफ खोटं. महिनाभर आधी तिला अशक्तपणा आला होता म्हणून मीच बेळगावच्या डॉक्टरांकडं नेलं होतं, ईसीजी काढला होता. काही म्हणजे काही निघालं नव्हतं. पण तो कागद इंग्रजीत होता आणि माझ्यापाशी होता.

गाइड भला माणूस. त्यानं लगेच तिला चहाच्या टपरीशी सावलीत बसवलं. आक्का माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "मी भिईन म्हणून सांगितलं न्हाईस व्हय रं? जा तू. मी बसतो हितं."

दुखणं मनात ठेवून भाऊ आपल्याला जपतोय, असं वाटलं तिला.

वर सगळे आपापलं घर शोधत होते. मीही आमची बिल्डिंग शोधली, फोटोही काढला. खाली आलो तर आक्का भाकऱ्यांचं गाठोडं सोडून बसलेली. एकेकाला "जय भीम" म्हणत वाढत होती. आमच्या प्राचार्यांनी "जय भीम, आक्का" म्हणून चटणी पुन्हा मागून घेतली. आभाळ काही कोसळलं नाही. निदान तेव्हा तरी खरं बोलायचं? नाही बोललो.

तेव्हापासून आक्का जपून राहते. तेलकट सोडलं. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं नाचायची, आता कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवते. गल्लीतल्या बायकांना सांगते म्हणे, माझं काळीज नाजूक हाय, पर भावाला माझी लई काळजी. तुला काही झालेलं नाही — एवढंच तर सांगायचं. पण मग ती विचारणार, खोटं का बोललास? आणि तिची लाज वाटली, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

परवा ती आली होती. लिफ्ट बंद होती. एकेका पायरीवर थांबायची, छातीवर हात ठेवायची, दम घ्यायची. मी तिचा दंड धरला होता.

"सावकाश, आक्का," म्हणालो. हो, मीच म्हणालो.