चाकांवरच्या घरातला केर

"भावजी, झाडू खाली ठेवा! आधी खाली ठेवा म्हणते ना! माणूस आत्ता पायरी उतरलाय, त्याची पाठ अजून दिसतेय, आणि तुम्ही केर काढताय?"

वहिनी ओरडली, तेव्हा बोर्डीच्या त्या चिकूच्या वाडीतले निम्मे चिकू भीतीनं जागच्या जागी पिकले असणार. वाडीच्या मालकाचं कुत्रं उठून सरळ गुजरातच्या दिशेनं चालायला लागलं. मी झाडू हातात धरून गाडीच्या मधोमध वाकलेला. बाहेर दादा खांद्यावर टॉवेल टाकून हळूहळू नळाकडे निघालेला. तो मागे वळला, कमरेवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाला, "अगं, दात घासायला चाललोय. काशीला नाही."

"कुठंही जा. तुम्ही परत येस्तोवर झाडू लागणार न्हाय."

आमच्याकडे कुणी घराबाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. पाठोपाठ काढतात ते फक्त एकदाच, माणूस चौघांच्या खांद्यावर निघतो तेव्हा. मग मागे घर झाडून, धुऊन घेतात. हे मला शेंबडं पोर असल्यापासून ठाऊक. पण भाईंदरच्या घरात त्याचा कधी त्रास झाला नाही. कुणी बाहेर पडलं की चहाचा एक कप प्यायचा, चार माणसांची निंदा करायची, तेवढ्यात जाणारा गल्लीबाहेर जातो, मग झाडू घ्यायचा. चाकांवरच्या घराची गोष्ट वेगळी. तिथली जमीन चादरीएवढी. एक जण खाली उतरल्याशिवाय दुसऱ्याला वाकता येत नाही. म्हणजे केर काढायचा तर कुणीतरी बाहेर पाहिजे, आणि कुणी बाहेर असलं तर केर काढायचा नाही. हा तिढा सोडवायला देशातली मोठमोठी डोकी बसवली असती तरी ती दुपारपर्यंत एकमेकांच्या झिंज्या उपटत बसली असती.

वहिनीनं तो पहिल्याच दिवशी सोडवला होता. दादानं सीटवर बसायचं, पाय वर घ्यायचे, मांडी घालायची. ती खालून झाडणार. दादा सिंहासनावर बसल्यासारखा बसायचा आणि सूचना करायचा, "डावीकडं राहिलंय बघ."

"तुम्ही फक्त पाय वर ठेवा. तोंड न्हाय सांगितलं वर ठेवायला."

गाडी म्हणजे मूळची शाळेची बस. दादानं अर्धं आयुष्य तीच चालवली. ती मोडीत निघाली तेव्हा तो तिला घरी घेऊन आला, लोक गाय आणतात तसा. काशीमिऱ्याला टेम्पोच्या बॉड्या बांधणारा एक जण गाठून एक सोडून तिच्या आतल्या सगळ्या सीटा काढल्या, प्लायवूडची कपाटं ठोकली, दोन पलंग केले जे सकाळी मिटले की बाकडी होतात, एक शेगडी, एक पाण्याची टाकी. वरून पांढरा रंग दिला, पण खालचा पिवळा जागोजागी डोकावायचा. बेव्हर्ली पार्कमधून पहिली चक्कर मारली तेव्हा एक बाई तान्हं पोर घेऊन धावत आली, लसीची गाडी समजून. मी तिला म्हटलं, डॉक्टर जेवायला गेलेत. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. मी म्हणतो लोक कमी पाहतात.

दादाचं एकच वेड, टापटीप. शाळेच्या बसमध्ये पोरांच्या बाटल्या, डबे, कंपास गोळा करत जन्म गेला, त्याचा सूड म्हणून की काय, या गाडीत त्यानं प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. नुसती ठरवली नाही, भिंतीवर मार्करनं आखली. तव्याच्या मागे तव्याची आकृती, सांडशीच्या मागे सांडशीची, चिमट्याच्या मागे चिमट्याची. वस्तू जागेवर नसली की भिंतीवर तिचं भूत दिसायचं. निघण्याआधी तो कपाटांच्या कड्या हातानं ओढून बघायचा, गॅसचा रेग्युलेटर बंद, टाकीचं झाकण घट्ट, चपला दाराजवळच्या खोक्यात. सगळं झालं की टपावर दोन थापा. "चला." त्या थापांशिवाय गाडी हलायची नाही.

या प्रवासाला निघतानाच ती पहिल्यांदा तशी हलली. मीच चालवत होतो, कारण डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली होती. तो माझ्या शेजारी बसून तोंडानं चालवायचा. निघताना त्याला दम लागला होता, थापा राहिल्या. खाडीवरचा पूल ओलांडला आणि हायवेवरच्या पहिल्या खड्ड्यात मसाल्याच्या डब्यानं आत्महत्या केली. हळद उडाली ती अशी की वसईपर्यंत लोकांना वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. दादा डोक्यापासून बोटांपर्यंत पिवळा.

"नवरदेव झालात परत," वहिनी म्हणाली.

"बायको तीच मिळणार असेल तर पुसून काढ."

ती हसली आणि पुसत बसली. पण पुसताना तिनं त्याच्या पायांवरून हात फिरवला आणि तिचं हसू थांबलं. तिनं अंगठ्यानं घोट्याजवळ दाबलं. तिथं खळगा पडला आणि तो भरून यायचं नाव घेईना.

दादाच्या हृदयाची झडप गेली होती. मीरारोडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं होतं, आणि दोन्ही बाजू सांगितल्या होत्या, म्हणजे उठेलही आणि न उठेलही. दादानं विचारलं, "त्याआधी गाडी एकदा फिरवून आणू का?" डॉक्टर म्हणाले, दगदग करू नका, गोळ्या चुकवू नका, त्रास झाला तर लगेच या. दादाला त्यातलं फक्त 'या' सोडून सगळं ऐकू आलं. वहिनीनं यायचं कबूल केलं ते एका अटीवर, की ती सांगेल तेव्हा परत फिरायचं. आणि दुसरी अट तिनं सांगितलीच नाही, ती झाडूची.

बोर्डीला आम्ही समुद्राजवळच्या वाडीत गाडी लावली. एका बाजूला सुरूची झाडं, एका बाजूला चिकू. दादाला जागा इतकी आवडली की तो म्हणाला, इथंच ऑपरेशन करायला सांगा. वाळू मात्र गाडीत अशी घुसली की विचारू नका. किनाऱ्यावर कमी आणि आमच्या गादीत जास्त. चहात वाळू, भातात वाळू, माझ्या कानातून काढलेल्या वाळूत एखाद्या पोरानं किल्ला केला असता.

आणि नेमका तेव्हाच केर निघेनासा झाला.

कारण दादाला आडवं होता येईना. उशा मागे लावून तो बसूनच झोपायचा, म्हणून पलंग मिटायचा नाही. मग एकदम त्याला आत कोंडल्यासारखं व्हायचं आणि तो हवा घ्यायला खाली उतरायचा. तो उतरला की झाडू बंद. पाच मिनिटांनी तो वर चढायचा, एका पायरीला कळसूबाई चढल्याएवढा दम लागायचा, आणि सीटवर बसायचा तो सुजलेले पाय खाली सोडून. मग वहिनी झाडू हातात घ्यायची, त्याच्या पायांकडे बघायची आणि झाडू परत ठेवून द्यायची. पाय वर घ्या, असं तिला सांगवेना.

आमच्या बिल्डिंगमध्ये ही बाई गॅसचं सिलिंडर पुसते म्हणून प्रसिद्ध. पाहुण्यांच्या कपाखाली बशी सरकायच्या आत कपडा फिरवते. ती त्या गाडीत वाळूत, कांद्याच्या सालीत, औषधांच्या रिकाम्या पाकिटांत बसलेली मी बघितली. मी एकदा हळूच म्हणालो, "वहिनी, तो तिकडं झाडाखाली बसलाय, मी पटकन दोन हात मारतो."

"हात लावून बघा झाडूला."

"अगं, पायात रुततंय सगळं."

"रुतू दे. माणूस बाहेर हाय."

"मग परत फिरूया. घरी चल."

तिनं झाडाखाली बसलेल्या दादाकडं बघितलं. मग म्हणाली, "मी कालच सांगितलं त्यांना. ते म्हणाले, अजून एक सकाळ. भावजी, त्यांनी आजवर माझ्याकडं काय मागितलं हो?"

ती सकाळ आली. मी ताडपत्री सोडत होतो, खुर्च्या मिटत होतो, निघायचंच होतं. दादा खोक्यात चपला लावत होता. तो वाकला आणि वर येईना. ओठ जांभळे. छातीतून आवाज यायला लागला, नळात हवा अडकल्यावर येतो तसा. मी सवयीनं ताडपत्रीची घडी घालायला लागलो. माणसाचे हात अशा वेळी काय करतील सांगता येत नाही.

"टाका ती!" वहिनी किंचाळली. "राहू दे सगळं, गाडी काढा!"

ताडपत्री, खुर्च्या, बादली वाडीतच राहिल्या. कड्या कुणी ओढून बघितल्या नाहीत. डहाणूपर्यंतच्या रस्त्यात एकेक कपाट उघडत गेलं. तवा पडला, पातेली पडली, चिकूची पिशवी फुटून फळं पायाखाली चिरडत राहिली, दूध सांडलं. मागे भांड्यांचा असा कल्लोळ की वाजंत्री लावून निघालोय असं वाटावं. त्यात दादाचा आवाज, एकेक शब्द तोडून, "गॅस... बंद... केलास का?"

"केला रे."

केला नव्हता. पुढच्या वळणावर गाडी थांबवून केला.

डहाणूच्या दवाखान्यासमोर तिथल्या दोघा वॉर्डबॉयनी त्याला चाकांच्या खुर्चीवर घेतलं. पण गाडीची पायरी तो स्वतःच्या पायानं उतरला. उतरल्यावर त्यानं मागे दाराकडे बघितलं. आतलं सगळं त्याला दिसलं असणार. भिंतीवर नुसती भुतं आणि खाली पसारा. त्याच्या चपला पायरीशीच सुटून पडल्या होत्या. तो वहिनीला म्हणाला, "चपला आत घे गं. कुणाचा तरी पाय लागेल." तिनं त्या घेतल्या आणि खोक्यात ठेवल्या. तेवढी एकच वस्तू गाडीत जागेवर होती.

तिथून त्याला अ‍ॅम्ब्युलन्सनं मीरारोडला नेलं, वहिनी त्याच्यासोबत. मी रिकामी गाडी घेऊन मागून आलो आणि भाईंदरला बिल्डिंगखाली लावली.

तो आयसीयूत होता तितके दिवस गाडी तशीच. वहिनीनं किल्ली पदराला बांधली. दूध नासलं, चिकू आंबले, मुंग्यांनी आख्ख्या भाईंदर पूर्वेतल्या नातेवाइकांना आमंत्रण दिलं. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. एका सकाळी वहिनी डबा घेऊन हॉस्पिटलला निघाली, तेव्हा सेक्रेटरीनं गेटवर आम्हाला अडवलं. नाकाला रुमाल.

"भाभी, गाडी साफ करवाओ ना. पूरी बिल्डिंग में बास मार रहा है. अंदर कुछ मर गया है क्या?"

मी पुढे झालो, त्याची कॉलर धरणार होतो. वहिनीनं मला कोपरानं मागे सारलं. ती भांडली नाही, ओरडली नाही. वाडीत चिकू पिकवणारा तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"कोई नहीं मरा," ती म्हणाली. "आदमी नीचे उतरा है. आयेगा, फिर साफ करूंगी."

सेक्रेटरीनं रुमाल खाली घेतला आणि बाजूला झाला.

ऑपरेशन झालं. दोन्ही बाजू डॉक्टरांनी आधीच सांगितल्या होत्या.

त्याला घरी आणलं तेव्हा ती गाडी गेटजवळच उभी होती. तिरडी तिच्या बाजूनं न्यावी लागली, जागा कमी होती म्हणून जरा तिरकी करून. आम्ही वळलो तेव्हा वर घरात बायकांनी पाणी ओतायला सुरुवात केली होती. जिन्यावरून ते खाली आलं होतं. गाडीला कुणी हात लावला नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

कार्य झालं, पाहुणे गेले, आणि एका दुपारी वहिनी खाली आली. तिनं पदराची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात दिली. मी दार उघडलं. वास सांगत नाही, आणि वाढवूनही सांगत नाही. वाळू होती, वाळलेली हळद कोपऱ्यात होती, चिरडलेले चिकू काळे झाले होते. चपला खोक्यात होत्या. भिंतीवर तवा, सांडशी, चिमटा यांच्या नुसत्या रेघा.

झाडू दारामागे होता. मी तो हातात घेतला आणि वाकलो. मग तसाच थांबलो, कारण त्या गाडीत वाकलं की मला आधी तिचा आवाज ऐकायची सवय लागली होती. ती पायरीशी उभी होती, आत येत नव्हती.

"वहिनी," मी विचारलं, "केर काढू?"

"काढा," ती म्हणाली. "सीटखालचापण."